मल बेटावर एक दिवस, क्लीनर साइडला एसटीचे निवृत्त ड्रायव्हर

पाणकणीस (धागाकर्ती)

मे महिन्यात इथंच विचारलं होतं, "आईबाबा येतायत, स्कॉटलंडचं एखादं बेट एका दिवसात गाडीनं होईल का?" बहुतेकांनी स्काय सांगितलं. दोघातिघांनी "एका दिवसात काही होत नाही, पळापळ करू नका" असा दम दिला. आम्ही स्काय सोडलं, मलला गेलो, आणि पळापळ केली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला हा वृत्तांत. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी पात्रपरिचय. मी ड्रायव्हर. मागं नवरा आणि आई. पुढं माझ्या डावीकडं बाबा, म्हणजे त्यांच्या भाषेत क्लीनर साइडला. बाबांनी अकोले आगारात एकतीस वर्षं एसटी चालवली, निम्मी नोकरी घाटात. भाड्याच्या गाडीच्या विम्यात त्यांचं नाव घातलं नव्हतं, त्यामुळं दिवसभर त्यांना स्टिअरिंगपासून दूर बसवायचं हीच खरी परीक्षा होती.

मुक्काम ओबनला, मलची बोट सुटते त्या गावी, दोन रात्री. ग्लासगोहून ओबन गाडीनं अडीच तास धरा. सकाळच्या बोटीनं मलवरचं बंदर क्रेगन्युअर, साधारण पन्नास मिनिटं. गाडीची जागा आम्ही महिनाभर आधी धरली होती आणि ते शहाणपणाचं ठरलं. नुसतं पायी जाणाऱ्याला बहुतेक वेळा जागा मिळते, पण उन्हाळ्यात गाडीला ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. बोटीच्या पोटात गाड्या लावणारी माणसं दोन बोटांच्या खुणांनी वीतभर अंतरावर गाड्या बसवत होती. बाबा कठड्याला टेकून तेच बघत राहिले. बाहेर डोंगर, समुद्र, ऊन, सगळं वाया. म्हणाले, "यांना आपल्या स्टँडवर आणलं पाहिजे."

क्रेगन्युअर येण्याआधी डाव्या हाताला समुद्रात घुसलेल्या कड्यावर ड्युअर्टचा किल्ला दिसतो. मॅक्लीन घराण्याचं मूळ ठाणं. पडझड होऊन ओसाड पडला होता, तो त्याच घराण्यातल्या सर फिट्झरॉय मॅक्लीननी १९११ पासून पुन्हा उभा केला. आम्ही बोटीतूनच नमस्कार केला. सगळंच बघायला गेलं की काहीच बघून होत नाही, हे आईचं मत, आणि त्या दिवशी आईचं मत चाललं.

आता रस्ता. क्रेगन्युअर ते सालन बराचसा दुपदरी आहे, तिथं फसायला होतं. वाटतं, एवढंच होय! सालनच्या पुढं तो एकपदरी होतो आणि मग एकपदरीच राहतो. दोन्ही दिशांची वाहतूक त्याच एका पट्ट्यावर, आणि थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला फुगवटा, शेजारी खांबावर पाटी. त्या पासिंग प्लेस. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असला तर आत शिरून थांबायचं. उजव्या हाताला असला तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला तो वळसा घालून जाऊ द्यायचा. मागं कुणी घाईचं आलं तर त्यालाही तिथंच पुढं सोडायचं. तिथं गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही. आणि जाता जाता हात वर करायचा. हात वर न करणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.

चढणीवरच्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची हा नियम मी वाचून दाखवला तर बाबा एकदम खूश. "आपल्याकडंबी हाच नियम आहे की. फक्त इथं लोक पाळतात." त्यानंतर तासभर ते माझ्याकडं एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होते.

टोबरमोरी बेटाच्या उत्तर टोकाला. ओळीनं लाल, पिवळी, निळी, गुलाबी घरं आणि समोर बंदर. फोटोत दिसतं तेवढंच आहे आणि तेवढंच छान आहे. १७८८ मध्ये मासेमारीसाठी मुद्दाम वसवलेलं गाव. धक्क्यावरचं घड्याळाचं मनोऱ्यासारखं बांधकाम इझाबेला बर्ड या प्रवासलेखिकेनं बहिणीच्या स्मरणार्थ उभं केलं. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं एक जहाज या खाडीत स्फोट होऊन बुडालं, आणि त्यात सोनं होतं या ऐकीव गोष्टीपायी लोक शेकडो वर्षं बुड्या मारतायत. नवऱ्यानं धक्क्यावर मासे आणि चिप्स खाल्ले. आम्ही गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सीगलनं नवऱ्याची एक चिप पळवली याचा आईला आमच्या लग्नापेक्षा जास्त आनंद झाला.

तिथून डर्व्हेग. अंतर फार नाही, पण वळणं केसाच्या पिनेसारखी. डर्व्हेगच्या चर्चचा मनोरा गोल आणि वर निमुळता, टोक केलेल्या पेन्सिलीसारखा. पुढं कॅल्गरीची पुळण. हो, कॅनडातल्या कॅल्गरीला नाव इथूनच गेलं, १८७६ मध्ये. तिथल्या माउंटेड पोलिसांचा अधिकारी कर्नल मॅक्लाउड इथं पाहुणा म्हणून राहून गेला होता, त्यानं दिलं. तिकडं लाखांनी माणसं, इकडं आम्ही चौघं, एक कुत्रा आणि कुत्र्याचे मालक. वाळू पांढरी, पाणी हिरवट निळं, आणि इतकं गार की आईनं पाय बुडवून जो आवाज काढला तो कुत्र्यालाही कळला.

कॅल्गरीपासून अल्व्हा फेरीपर्यंतचा (शेजारच्या अल्व्हा बेटाची नाव सुटते तो धक्का) किनाऱ्याकडेचा रस्ता हा या दिवसाचा गाभा. उजवीकडं खाली समुद्र, पलीकडं छोटी बेटं, डावीकडं डोंगर. आणि तो डोंगर बघून बाबा पहिल्यांदा आपणहून बोलले, "अगं, हे तर आपलंच आहे." एकावर एक आडव्या पायऱ्या, मध्ये गवताचे पट्टे, मधूनच पाण्याची धार. कळसूबाईच्या बाजूला पावसाळ्यात उभं राहावं तसं. खडकाचा रंगही तोच. यामागं काही आहे का? इथल्या जाणकारांनी सांगावं.

याच रस्त्यावर एका वळणानंतर समोर गुरं नेणारा मोठा ट्रक. त्याच्या मागं दोन गाड्या. शेवटची पासिंग प्लेस माझ्या मागं शंभरेक मीटरवर, उताराला, वळणापलीकडं. माझे हात गार. ट्रकवाला शांत बसून होता, हॉर्न नाही, दिवे नाहीत. बाबा दार उघडून खाली उतरले, मागं गेले, आणि डिकीवर थाप मारून सुरू केलं, "येऊ दे... येऊ दे... डावं मार थोडं... येऊ दे... बास!" वाऱ्यात त्यांची टोपी उडाली ती मेंढ्यांच्या कुरणात. मी फुगवट्यात शिरले. ट्रकवाल्यानं जाताना काच खाली केली आणि बाबांकडं बघून अंगठा दाखवला. बाबांनी सवयीनं डबल बेल दिल्यासारखे गाडीच्या टपावर दोन टोले मारले. टोपी नवऱ्यानं आणली.

पुढं एस फॉर्सचा धबधबा, तीन टप्प्यांत पडतो, शेवटचा टप्पा थेट समुद्राकाठी. कठडा वगैरे नाही, वरच्या काठावर जपून. अल्व्हा फेरीला पोचलो तेव्हा वेळ उरला नव्हता, समोरचं अल्व्हा बेट नुसतं बघितलं. तिथं बोटीला बोलवायची पद्धत मजेशीर: धक्क्यावरच्या फळीवरचं झाकण सरकवलं की लाल रंग उघडा पडतो, तो पलीकडून नावाडी बघतो आणि येतो. मग ग्रूलिनवरून सालन, सालनला किनाऱ्यावर कलंडलेल्या जुन्या मासेमारी बोटी, आणि क्रेगन्युअर. सगळी फेरी मिळून शंभर ते सव्वाशे किलोमीटर. बोट सोडून आठ तास लागले, त्यात थांबे भरपूर. शेवटची बोट चुकेल ही धाकधूक मात्र शेवटचा तासभर होती. बाबा म्हणाले, मुक्कामी गाडीसारखंच आहे, गेली की गेली.

फोटो खाली देते.

घाटमाथा

फोटो दिसत नाहीत. बाकी "नसलेल्या ब्रेकवर" वाचून फुटलो. माझे सासरे पण असेच.

ग्लासगोकर

छान लिहिलंय. एक भर. त्या रस्त्यांवर वेगमर्यादा कागदोपत्री ताशी साठ मैलांची असते. त्याचा अर्थ साठनं जावं असा नाही. सॅटनॅव्ह जो वेळ सांगतो तो तिथं जन्मलेल्या टपालवाल्याचा वेळ असतो, आपण त्यात निम्मा मिळवायचा. आणि पेट्रोल ओबनलाच भरून घ्या, बेटावर पंप मोजके आहेत.

चिंचगूळ

स्काय सोडून मल का, हे कळलं नाही. क्विरांग, ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, किल्ट रॉक, फेअरी पूल्स. एकदाच जायचं तर स्कायच. शिवाय स्कायला १९९५ पासून पूल आहे, बोटीची कटकट नाही.

पाणकणीस

@चिंचगूळ, पूल आहे म्हणूनच सगळे तिकडं जातात. जुलै-ऑगस्टमध्ये फेअरी पूल्सच्या पार्किंगची अवस्था बघा आणि मग सांगा. ओबनहून स्काय एका दिवसात परत करायचं तर दिवसभर काचेतूनच बघावं लागलं असतं. आईचे गुडघे क्विरांग चढणारे नाहीत.

फोटो परत चढवले. आता दिसतायत का?

घाटमाथा

आता दिसले. तिसऱ्या फोटोत बाबांची टोपी उडालेली दिसतेय का ती?

पाणकणीस

ती मेंढी आहे.

कातळवेडा

तुमच्या बाबांना साष्टांग. "हे तर आपलंच आहे" हे अक्षरशः खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या दख्खनच्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला ट्रॅप हा पिंजरा नव्हे. स्वीडिश भाषेत त्राप्पा म्हणजे जिना, त्यावरून आलेला शब्द. लाव्हा एकामागून एक आडव्या थरांनी पसरत गेला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कठीण, वरचा भाग सच्छिद्र आणि मऊ. पाऊस-वारा मऊ भाग खातो, कठीण भाग उभा कडा होऊन राहतो. कडा, उतार, कडा, उतार, झाला जिना. सह्याद्रीत हेच, आणि मलच्या पश्चिम अंगालाही हेच. फरक वयाचा आणि आकाराचा. आपला लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, मलचा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता तेव्हाचा. दख्खनचं पठार आज पाच लाख चौरस किलोमीटर. मल बेट सगळं मिळून पावणेनऊशे चौरस किलोमीटर. म्हणजे हा आपला लांबचा धाकटा भाऊ, जन्माचं कारण वेगळं पण घडण तीच.

पुढच्या वेळी दोन थरांच्या सांध्यात विटकरी लाल पट्टा शोधा. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग पुढचा लाव्हा येऊन ती भाजून गेला. आपल्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं हा पट्टा हमखास दिसतो. मलमध्येही आहे.

मलच्या पश्चिमेला स्टाफा नावाचं इवलंसं बेट आहे, फिंगलची गुहा तिथलीच. षटकोनी खांबांची. लोक बोटीनं जाऊन वा वा करतात. अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून तसेच उभे खांब आहेत, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेले. किती मुंबईकरांनी बघितलेत? हात वर करा.

बोरकूट

हात वर नाही. आणि मी अंधेरीतच वाढलो.

माळरान

बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराचं नाव बेन मोर. ९६६ मीटर. गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, मोर म्हणजे मोठा. मुलीला सांगितलं तर म्हणाली, मग पिसारा कुठाय?

ग्लासगोकर

गेलिकचा विषय निघालाच आहे तर. टोबरमोरी म्हणजे मेरीची विहीर. आणि एस फॉर्स हा खास प्रकार आहे. गेलिकमध्ये एस म्हणजे धबधबा. व्हायकिंग आले, त्यांच्या भाषेत फॉर्स म्हणजे धबधबा. मग इंग्रजी पाटी लावणाऱ्यानं पुढं वॉटरफॉल लिहिलं. तिन्ही राज्यकर्त्यांनी एकाच पाण्याला आपापला शिक्का मारला. धबधबाही तीन टप्प्यांचा, हा योगायोग.

जुनाबाजार

धागाकर्ती, तुम्ही ग्रूलिनवरून गेलात आणि मॅक्वारीच्या थडग्यापाशी थांबला नाहीत? मुंबईचा एवढा जवळचा धागा रस्त्यापासून दहा मिनिटं चालण्यावर होता!

लॅकलन मॅक्वारी. जन्म १७६२, अल्व्हा बेटावरचा, म्हणजे तुम्ही लाल फळीपाशी उभ्या राहून बघितलंत तेच. १७८८ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या ७७व्या पलटणीबरोबर मुंबईत उतरला. १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्व्हिसशी लग्न केलं, ती वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्या घरातली. तीन वर्षांत ती क्षयानं गेली, मकाऊला. त्यानं तिचा देह तिथं ठेवला नाही, जहाजानं मुंबईला आणून दफन केला. पुढं मलमध्ये जमीन घेतली तिला नाव दिलं जार्व्हिसफील्ड. श्रीरंगपट्टणच्या दोन्ही वेढ्यांत तो होता, १७९२ आणि १७९९. १८१० ते १८२१ ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर. १८२४ मध्ये लंडनमध्ये वारला आणि मलला आणून पुरला. दुसरी बायको एलिझाबेथ त्याच थडग्यात आहे. दगडावर त्याला ऑस्ट्रेलियाचा पिता म्हटलंय आणि थडगं ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं आहे. स्कॉटलंडच्या कुरणात!

शून्य_सिग्नल

पिता वगैरे ठीक, पण याच गव्हर्नरनं १८१६ मध्ये तिथल्या आदिवासींवर सैन्य पाठवलं होतं. एप्रिलमध्ये सिडनीजवळच्या अॅपिनला किमान चौदा माणसं मारली गेली, त्यात बायका-मुलंही. मी सिडनीत राहतो. रस्ता मॅक्वारी, विद्यापीठ मॅक्वारी, बँक मॅक्वारी, आणि ही गोष्ट इथं येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळली.

जुनाबाजार

बरोबर, ते लिहायला हवं होतं. अजून एक राहिलं. १७९५ मध्ये त्यानं कोचीनला दोन लहान मुलं गुलाम म्हणून विकत घेतली होती. नावं ठेवली हेक्टर आणि जॉर्ज. जॉर्जला आडनाव बायकोचं, जार्व्हिस. हा जॉर्ज मॅक्वारीच्या मरेपर्यंत त्याच्या चाकरीत होता. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, मल, सगळीकडं. थडग्यापेक्षा मला त्याचं जास्त वाटतं. मलबारच्या त्या मुलाला मलचा हिवाळा कसा वाटला असेल.

पाणकणीस

@जुनाबाजार, हळहळ वाटतेय. पाटी दिसली होती, पण बोटीची वेळ जवळ आलेली. मला वाटलं असेल कुणा सरदाराचं. @कातळवेडा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी "भाजलेली माती" दोनदा वाचायला लावलं.

आजीची_गोधडी

शाकाहारी लोकांनी काय खायचं तिथं? आम्ही ऑगस्टमध्ये जातोय, सासूबाई अंडंही खात नाहीत.

पाणकणीस

टोबरमोरीत सूप, भाजलेला बटाटा, स्कोन हे मिळतं. पश्चिम किनाऱ्यावर जेवणाच्या वेळी उघडं काही सापडेलच असं धरू नका. डबा न्या, थर्मासमध्ये चहा न्या. टोबरमोरीजवळ चीज करणारं शेत आहे, गायींना तिथल्या डिस्टिलरीतला उरलेला बार्लीचा चोथा खायला घालतात. ही डिस्टिलरी १७९८ ची. पण सासूबाई इतक्या कडक असतील तर चीज घेताना रेनेट (दूध फाडायला घालतात ते, वासराच्या पोटातलंही असतं) कसलं ते विचारा. ड्रायव्हरनं डिस्टिलरीत फक्त वास घ्यायचा. स्कॉटलंडची दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षाही कमी आहे.

माळरान

ऑगस्ट म्हणजे मिज! त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

पाऊसपक्षी

मिज म्हणजे आपली घुंगुरटी, पण चावरी. वारा असला की गायब, वारा पडला आणि आभाळ भरलं की ढगांनी येतात. संध्याकाळी पाण्याकाठी थांबलात तर संपलात. तोंडावर ओढायची जाळी ओबनच्या दुकानात मिळते, लाजू नका, सगळेच घालतात. कॅल्गरीला भरपूर वारा असतो, तिथं सहसा त्रास नाही.

मी पक्ष्यांसाठी गेलो होतो म्हणून सांगतो. सालनहून ग्रूलिनकडं आणि पुढं लॉक ना कील या खाडीच्या काठानं हळू चाला, वर बघत. पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुड दिसायची चांगली शक्यता. पंखांचा पसारा आठ फुटांपर्यंत. कोकण किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड त्याच्या नात्यातला. मारून मारून ब्रिटनमधून हा नाहीसा केला होता. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर सोडली, आणि १९८५ मध्ये मलवरच्या जोडीनं पहिलं पिल्लू यशस्वीपणे वाढवलं. आता लोक खास त्यांच्यासाठी येतात. गाडी पासिंग प्लेसमध्ये लावून दुर्बीण काढणारे पण येतात, त्यांच्यासाठी शिव्या गेलिकमध्ये शिकून घेतल्या आहेत.

ग्लासगोकर

+१. मागच्या वर्षी एका पासिंग प्लेसमध्ये तिकाटणं लावून बसलेल्या माणसापायी तीन गाड्या आणि शाळेची बस अडकलेली मी पाहिली आहे.

नवखी_चालक

मी इथं आठ महिन्यांपूर्वी आले, भारताचं लायसन्स आहे. ते चालतं ना? आणि रिव्हर्सचं वाचून मला घामच फुटला. एकदिशा असं एखादं सोपं बेट नाही का?

ग्लासगोकर

आल्यापासून बारा महिने भारताच्या लायसन्सवर चालवता येतं, नंतर इथलं काढावं लागतं. बाजू डावीच, स्टिअरिंगही आपल्यासारखंच उजवीकडं, त्यामुळं अमेरिकेतून येणाऱ्यांपेक्षा आपण बरे. सोपं बेट हवं तर अॅरन. ब्रॉडिकला बोटीनं उतरायचं आणि किनाऱ्यानं बेटाला प्रदक्षिणा, नव्वद किलोमीटरच्या आसपास, बराचसा रस्ता दुपदरी. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला शेती, लोक त्याला छोटं स्कॉटलंड म्हणतात. तिथं एकदा हात बसवा आणि मग मल.

पाणकणीस

@नवखी_चालक, रिव्हर्स घाबरण्यासारखा नाही, फक्त घाई करायची नाही. समोरचा थांबतो. बाबांनी मला दिलेली एकच सूचना: पुढं बघताना मागची पासिंग प्लेस लक्षात ठेव. प्रत्येक फुगवटा मागं टाकला की मनात मोजायचं, हा गेला, किती मागं आहे. म्हणजे अडचण आली तर शोधावं लागत नाही. ते घाटात असंच करायचे म्हणे. मला हे तिसाव्या वर्षी कळलं.

आणि भाड्याची गाडी घेताना चाकांचे आणि रिमचे फोटो आधी काढा. पासिंग प्लेसच्या कडेचे दगड रिमला लागतात. आमच्याकडून एका ओरखड्याचे पैसे लावले, जो आमचा नव्हताच. फोटो असते तर भांडले असते.

चिंचगूळ

मान्य, मल चांगलं दिसतंय. पण मलच्या टोकाशी असलेलं आयोना बेट न बघता परत आलात याबद्दल शिक्षा व्हायला हवी. संत कोलंबा ५६३ मध्ये आयर्लंडहून तिथं उतरला आणि मठ बांधला. स्कॉटलंडच्या ख्रिस्ती धर्माची मुळं तिथली. तेच बेटाचं पंढरपूर आहे आणि तुम्ही वाखरीवरून परत फिरलात.

पाणकणीस

वाखरी सुद्धा नाही हो, आम्ही तर दिंडीच उलटीकडं नेली. क्रेगन्युअरपासून फिनफोर्ट साठ किलोमीटर, एकपदरी, तासाच्या वर. तिथून पुन्हा बोट दहा मिनिटांची, आणि पाहुण्यांच्या गाड्या आयोनावर नेता येत नाहीत. हे सगळं आणि उत्तरेची फेरी एका दिवसात बसवायची म्हणजे आयोनात अर्धा तास आणि बाकी गाडीत. एका दिवसात एक बाजू. उत्तर किंवा दक्षिण, दोन्ही नाही.

चिंचगूळ

हे मात्र पटलं. दक्षिणेसाठी वेगळा दिवस.

बोरकूट

अल्व्हाला कुणी उतरलंय का? लाल फळी सरकवायचीय मला.

जुनाबाजार

मी उतरलोय. गाड्या नाहीत, डांबरी रस्ता नाही, चालायचं. पडक्या घरांच्या भिंती दिसत राहतात, नेचं उगवलेल्या. एकोणिसाव्या शतकात सहाशेच्या आसपास माणसं होती. समुद्री शेवाळ जाळून राख विकायचा धंदा बसला, बटाट्याचा रोग आला, आणि मालकानं कुळांना काढून तिथं मेंढ्या आणल्या. काहींच्या घरांची छपरं जाळली. २०१७ मध्ये बेट विकायला निघालं तेव्हा जेमतेम पाच-सहा माणसं उरली होती. २०१८ मध्ये आजूबाजूच्या गावकऱ्यांच्या संस्थेनं सरकारी मदत घेऊन ते विकत घेतलं. आता पुन्हा वस्ती वाढवायचा खटाटोप चाललाय. निदान तीन तास ठेवा, आणि शेवटच्या नावेची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

आजीची_गोधडी

हे वाचून ऑगस्टचा बेत बदलतेय. टोबरमोरीला मुक्काम, एक दिवस अल्व्हा, एक दिवस आयोना. सासूबाईंना अल्व्हाचं चालणं झेपेल का?

जुनाबाजार

धक्क्याजवळच चहाची जागा आहे आणि शीलाज कॉटेज म्हणून जुनं गवती छपराचं घर पुन्हा उभं केलंय, तिथपर्यंत दोन पावलं. तेवढं बघून बसल्या तरी चालेल. जायच्या आधी नाव चालू असलेले वार बघा, रोज नसते.

पाणकणीस

@आजीची_गोधडी, मुक्काम करताय तर सकाळी लवकर कॅल्गरी गाठा, दिवसा येणाऱ्या बोटीच्या गाड्या पोचायच्या आत. आणि ग्रूलिनला थांबा. थांबलात तर इथं फोटो टाका, बाबांना दाखवायचाय.